मदत हवी आहे: रथातील देवी लूना, डायना की व्हिक्टोरिया?

नमस्कार. माझ्या संग्रहात रोमन प्रजासत्ताकाच्या काळातील दिनारियस हे चांदीचे नाणे असून, झिजेमुळे त्यावरील देवता मला ओळखता येत नाही. दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेल्या रोमा देवीचे मस्तक आणि त्यामागे दहाचा रोमन आकडा स्पष्ट आहे, इ. स. पू. २११च्या सुमारास हे चलन सुरू झाले तेव्हा एका दिनारियसचे मूल्य दहा ‘आस’ (कांस्याची रोमन नाणी) इतके होते, त्याची ती खूण. सुरुवातीच्या नाण्यांच्या मागे कॅस्टर व पोलक्स हे जुळे घोडेस्वार दिसतात, माझ्या नाण्यावर मात्र दोन घोड्यांचा रथ हाकणारी स्त्री आहे. पंख असते तर व्हिक्टोरिया, मस्तकावर चंद्रकोर असती तर लूना, पाठीवर बाणांचा भाता असता तर डायना असे म्हणता आले असते. पण नेमका खांद्यांपासून वरचा भाग गुळगुळीत झाला आहे. वजन ३.८ ग्रॅम भरले. घोड्यांच्या पायांखालील पुसट अक्षरांवरून किंवा देवीच्या हातातील चाबकावरून काही ठरवता येईल का? उरलेल्या रेषाही जातील या भीतीने मी नाणे स्वच्छ केलेले नाही. तिरप्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे मी देऊ शकेन.