फी थकली म्हणून दाखला अडवलाय, पोराला मारलं पण. काय करावं?

कापूसवाला_चोपडा:
राम राम मंडळी. मोठ्या भावाचा पोरगा सातवीत, तालुक्याच्या एका विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला. यंदा कापसाला भाव नाही, फीचा दुसरा हप्ता राहिला, तर सरांनी त्याला उन्हात उभं केलं न हातावर छड्या पण मारल्या, आता शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणतो. म्हटलं जाऊ द्या, गावातल्या जि.प.ला टाकू, तर क्लार्क म्हणतो आधी सगळी फी भरा मग दाखला, नाहीतर नाव कमी करू. इकडं जि.प.चे गुरुजी म्हणतात दाखल्याशिवाय घेता येत नाही. काय करावं भो?

अमळनेरकर:
भरून टाका ना भाऊ, कुठं वाकडं घेता शाळेशी. न छडीचं म्हणाल तर आम्ही पण मार खाऊनच शिकलो.

वकीलताई_धुळे:
अमळनेरकर दादा, तेव्हाचं सोडा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या कलम १७ नुसार मारणंच काय, मानसिक छळ पण चालत नाही, खाजगी शाळेत सुद्धा. (अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर वेगळं, सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालानं त्यांना हा कायदा लागत नाही, ते आधी बघून घ्या.)
कापूसवाला दादा, दाखल्यामागं पळूच नका. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून जि.प. किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, उलट दाखला लटकवणाऱ्या मुख्याध्यापकावरच कारवाई होऊ शकते. नाव कमी करायची धमकी पण पोकळ, आठवी होईपर्यंत काढता येत नाही. फक्त थकलेली फी यानं माफ होत नाही हं, पोरगा २५ टक्क्यांच्या (गरीब-वंचित पोरांच्या मोफत जागांच्या) कोट्यातला नसेल तर ती देणं आहेच. पण ती बापाकडं मागायची.

कापूसवाला_चोपडा:
कोट्यातला नाही, लॉटरीत नंबर लागला नव्हता. पण गुरुजींना काय दाखवू, ते पण घाबरतात बिचारे

झेडपी_मास्तर_शहादा:
घाबरत नाहीत हो, ऑनलाइन नोंदीची कटकट असते, जुनी शाळा नाव सोडत नाही म्हणून टाळतात. तुम्ही लेखी अर्ज द्या, कलम ५ लिहा न पोच घ्याच. तरी नाही म्हटले तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. आमच्याकडं गुजरातला ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं परत येतात, कुठला दाखला न कुठलं काय, वर्गात बसवतोच आम्ही.

वकीलताई_धुळे:
बरोबर. मारहाणीची तक्रार मात्र वेगळी करा, दोन्ही एका अर्जात कालवू नका. कलम ३२ खाली लेखी तक्रार दिली की तीन महिन्यात निर्णय द्यावा लागतो, नाही पटला तर राज्य बाल हक्क आयोग आहे. हातावर वळ असतील तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, उद्यापर्यंत थांबू नका.

कापूसवाला_चोपडा:
प्रवेशाचं उद्याच बघतो. पण भाऊ म्हणतो मारहाणीचं राहू दे, धाकटी पण त्याच शाळेत आहे, तिला त्रास देतील.

वकीलताई_धुळे:
मग १०९८ ला फोन करा, मुलांची हेल्पलाइन आहे. बापच पाहिजे असं काही नाही, काका म्हणून तुम्ही केला तरी चालतो.