पाम लिनक्सला दिसत नसेल तर
क्रेडल (पाम ठेवायचा स्टँड) जोडूनही लिनक्सला पाम, म्हणजे डिजिटल डायरीसारखा तो जुना हातातला संगणक, दिसत नाही, म्हणून तो बिघडला असं समजू नका. नुसती केबल लावून पाम यूएसबीवर येतच नाही. क्रेडलवरचं हॉटसिंकचं (संगणकाशी नोंदी जुळवायचं) बटण दाबलं की येतो आणि थोड्या वेळात परत जातो. म्हणून आधी बटण, लगेच संगणकावर सिंकची आज्ञा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये वडिलांचा पाम एम ५०५ आहे, त्यात शिरोलीपर्यंतच्या फाउंड्रीवाल्यांचे नंबर. माझं घोडं अडलं ते 'व्हिझर' मोड्यूलपाशी, म्हणजे लिनक्सच्या कर्नेलमधल्या पामच्या ड्रायव्हरपाशी. बटण दाबलं की ते टीटीवाययूएसबी० आणि १ अशी दोन पोर्ट तयार करतं, सिंक बहुधा दुसऱ्यावर होतं. पामशी बोलणाऱ्या पायलट-लिंक या प्रोग्रॅमसंचाची ०.१२ आवृत्ती असेल तर सरळ 'व्हिझर' ब्लॅकलिस्ट करा (म्हणजे ते आपोआप लोड होणार नाही) आणि पोर्ट म्हणून 'यूएसबी:' द्या, शेवटचा विसर्गासारखा कोलनही हवा. फक्त रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) चालत असेल तर तुमच्या खात्याला यूएसबी वापरायच्या परवानगीचा घोळ आहे.

जे-पायलट, म्हणजे पामच्या नोंदी खिडकीत दाखवणारा प्रोग्रॅम, नंतर बघा. पहिल्यांदा पायलट-लिंकमधल्या पायलट-एक्सफर या आज्ञेने पूर्ण बॅकअप घ्या, आजच. या जुन्या पाममध्ये सगळं रॅममध्ये असतं, बॅटरी पूर्ण उतरली की पुसलं जातं. वडिलांच्या नोंदींची पहिली फाईल स्क्रीनवर सरकताना दिसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.