मार्चअखेर आली की समाज विकासाचाच पैसा का वळवायचा?

पर्वती_पायथा
पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात समाज विकास विभागाची तरतूद वाचताना बरं वाटतं. वर्ष सरत आलं की मात्र 'वर्गीकरण' सुरू होतं, म्हणजे एका कामासाठी ठेवलेला (एका 'शीर्षातला') न खर्चलेला पैसा दुसरीकडे वळवणं. दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. धडधाकट ब्लॉक उखडून नवे बसतात, शेजारी 'यांच्या प्रयत्नांतून' लिहिलेलं बाकडं येतं. पैसा उरतो का, तर निविदाच उशिरा निघते म्हणून. दिव्यांगांसाठी 5 टक्के राखीव असतात, तसा पाळणाघरं, रात्र निवारे, अभ्यासिका, विरंगुळा केंद्रं यांचाही पैसा राखीव हवा. त्याचं वर्गीकरण करायचंच नाही.

सूसकर
काका, आमचं गाव 2021 मध्ये बावीस गावांबरोबर पालिकेत आलं. कर लगेच आला, पाणी अजून टँकरने. महापालिका अधिनियमात कलम 63 म्हणजे आवश्यक कामं: पाणी, गटार, रस्ते, दिवे. ऐच्छिक कामं कलम 66 मध्ये. आधी आवश्यक तर पुरी करा! बायकांना दरमहा 1500 रुपये राज्य सरकार देतंयच की.

वस्तीतली_ताई
दादा, तुमच्या सोसायटीत सकाळी सातला भांडी घासायला येणारी बाई तिचं दोन वर्षांचं पोर कुठे ठेवून येते, विचारलंत कधी? आमच्या वस्तीत ते आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं आणि त्या दिवशी बहिणीची शाळा बुडते. पाळणाघर चालू असलं तर दोन्ही पोरं सुटतात. 1500 रुपयांत पोर सांभाळायला कोण मिळतंय या शहरात? खासगीत नुसत्या निम्म्या दिवसाचे त्याहून जास्त मागतात.
आणि शहरी गरीब योजना. ती आरोग्य खात्याची, पण दुखणं तेच. घरात डायलिसिसचा पेशंट असला की दवाखान्याच्या बिलातला पालिकेचा वाटा म्हणजे दागिना मोडायचा की नाही, एवढा फरक असतो. तिथे 'तरतूद संपली' ऐकायला लागलं तर माणूस पुढच्या एप्रिलपर्यंत थांबतो होय?

पेठेतला_एक
पाळणाघर मान्य. पण या खात्याच्या नावावर आणखी काय काय खपतं तेही लिहा. शिवण क्लासची प्रमाणपत्रं, हळदीकुंकवाच्या थाटात शिवणयंत्रांचं वाटप, फोटो. ते यंत्र पुढे टीव्ही ठेवायच्या कामी येतं. उलट 'स्वच्छ' बघा. कचरावेचक बायकांची सहकारी संस्था, 2008 पासून दारोदार कचरा गोळा करते, नागरिक दरमहा पैसे देतात. काम करा, मोबदला घ्या. अनुदान कशाला?

पर्वती_पायथा
'स्वच्छ'चं उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. ढकलगाड्या, हातमोजे, व्यवस्थापनाचा खर्च हे पालिकेशी केलेल्या करारातूनच येतं. तो हात काढून घ्या आणि मग बघा.
शिवणयंत्रं बंद करा, मी टाळ्या वाजवीन. पण तो पैसा त्याच शीर्षात राहू दे, गटाराकडे नको. आणि सूसकर, 74व्या घटनादुरुस्तीने आलेली बारावी अनुसूची, म्हणजे शहरी संस्थांच्या कामांची यादी, वाचा. पाणीपुरवठ्यासारखंच नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांचं हितरक्षणही तिथे आहे.

सूसकर
अनुसूचीने नळाला पाणी येत नाही. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याकडे बघत बसायचं. पैसा मर्यादित आहे हे तरी मान्य करा. तुम्ही राखीव करून ठेवलात, खात्याने खर्चलाच नाही, तर तो तसाच पडून राहणार. इकडे जलवाहिनीचं काम अडलेलं. हे कुणाच्या भल्याचं?

वस्तीतली_ताई
पडून का राहतो ते आधी बोलू. मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं निवडून आलेल्या नगरसेवकांचं सभागृहच नव्हतं, प्रशासकाला जाब विचारणार कोण? आमच्याकडे समाज विकास खात्याच्या समूहसंघटिका मॅडम येतात, त्यांच्या वाट्याला इतक्या वस्त्या की एकदा आल्या की पुढची फेरी कधी, त्यांनाच माहीत नसतं. माणसं द्या, पैसा खर्च होतो की नाही बघा. तुमच्या जलवाहिनीचा पैसा पाळणाघरातूनच का यावा? त्या बाकड्यांमधून का नको?

सूसकर
बाकड्यांतून घ्या, माझी ना नाही. पण मग राखीव पैशाला अट घाला: 30 सप्टेंबरपर्यंत निविदा निघाली नाही तर पाण्याला. एवढं मान्य असेल तर पालिकेला निवेदन लिहा, मीही सही करतो.

पर्वती_पायथा
30 सप्टेंबर ठीक. पण निविदा न काढणाऱ्या अधिकाऱ्याचं काय, तेही त्याच निवेदनात लिहू.