सांधण दरीच्या कड्यात जुना थर कोणता, हे कसं ठरवायचं?

कातळवाट (नाशिक)
सांधण दरीच्या आणि अंजनेरीच्या कड्यांवर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. तळाचा जुना, माथ्याचा नवा, इतपत कळतं. पण लाव्हाचा एक प्रवाह कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला? आणि दोन्हीकडचे पट्टे जीपीएसच्या उंचीवरून जुळवले तर चालतील का?

लालथर
उंचीवरून जुळवू नका. प्रवाह थोडे कललेले असतात, काही मध्येच संपतात, शिवाय हातातल्या जीपीएसची उंची सहज दहावीस मीटर चुकते. कड्याजवळ जाऊन सांधा, म्हणजे दोन प्रवाह जिथे एकमेकांना टेकतात ती रेघ, शोधा.

प्रवाहाचा माथा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. पोकळ्या गोलसर, दाट, बहुतेक झिओलाइट किंवा कॅल्साइट या फिक्या खनिजांनी बुजलेल्या. मधला भाग घट्ट काळा, उभ्या भेगांचा. बुडाशी पोकळ्या कमी, पण पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या सापडल्या तर ते बूडच समजा. म्हणून खालून वर चढताना पोकळ्यांचा पट्टा संपून एकदम घट्ट खडक लागला, की नवा प्रवाह सुरू झाला.

मध्ये विटकरी लाल मातीचा थर, म्हणजे बोल, असेल तर उत्तम. खालचा लाव्हा निवून झिजला किंवा त्यावर राख साचली, तेवढा काळ मध्ये गेला. बोलचा वरचा भाग भाजून कडक झालेला असेल तर वरचा लाव्हा नंतर आला हे पक्कं. मात्र बोल सगळीकडे नसतो. तो नाही म्हणून सांधा नाही असं धरू नका.

सर्वांत जास्त चूक मोजणीत होते. आपल्याकडचे बरेच प्रवाह उशांसारख्या लहान लोळांचे बनलेले आहेत. प्रत्येक लोळाला स्वतःची पोकळीदार साल असते. ते सुटे मोजले तर ५ प्रवाहांचे ३० होतात. साल कड्यावर दूरवर सलग जाते का ते बघा.

भेगाळ
डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या वितळलेल्या खडकाची (रसाची) भिंत, तीही तपासा. उभी काळी भिंत थरांना छेदून जात असेल तर ती छेदलेल्या प्रत्येक थरापेक्षा नवी. डाइकच्या कडा बारीक दाण्याच्या असतात, कारण तिथे रस लवकर थिजला. थरांमध्ये आडवा शिरलेला रस जास्त फसवतो: तो वरच्या थरापेक्षाही नवा असतो. त्याला पोकळीदार माथा नसतो आणि खालचा-वरचा दोन्ही खडक भाजलेला असतो.

गोदाकाठ
'खालचं ते जुनं' हे एकाच सलग रचलेल्या कड्यापुरतंच खरं. गोदावरीच्या पात्राकाठची वाळू-गोट्यांची गाळथरं ब्रह्मगिरीच्या माथ्यापेक्षा कितीतरी खाली आहेत, तरी सुमारे ६.६ कोटी वर्षांच्या बेसाल्टपुढे (थिजलेल्या लाव्हाच्या या काळ्या कातळापुढे) ती कालची. नदीने आधी कातळ कोरला, मग गाळ टाकला. पायथ्याशी घसरून पडलेल्या शिळांचंही तसंच, त्या नोंदीत घेऊ नका.

आणि सांध्यात किती काळ गेला, हे त्याच्या जाडीवरून कळत नाही. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये सुमारे १७५ कोटी वर्षांच्या विष्णू शिस्ट या रूपांतरित खडकावर टॅपीट्स वालुकाश्म (वाळूचा खडक) थेट बसला आहे. मधली शंभर कोटींहून अधिक वर्षं फक्त एक रेघ आहे.

कातळवाट (नाशिक)
मग अंजनेरी ते सांधण जुळवायला खूण कोणती?

लालथर
फेल्डस्पार या खनिजाचे पांढरट, सेंटिमीटरहून मोठे स्फटिक असलेला प्रवाह शोधा, दुरूनही ओळखू येतो. असे प्रवाह एकापेक्षा जास्त पातळ्यांवर आहेत, म्हणून त्याच्या वर-खाली काय आहे तेही नोंदवा. किमान ३ सलग थरांचा क्रम जुळला तरच पट्टा एकच म्हणा. दिशा घेताना होकायंत्र कातळाला टेकवू नका. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाने काटा भरकटतो.