बोक्याच्या मुताचा वास पावसाळ्यात परत आलाय, उपाय सुचवा

पागोळी:
नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीत जुन्या चिरेबंदी घरात राहतो. ओटीवर शहाबादी फरशी, माजघरात मोझॅक. घरात एक बोका, वय दोन वर्षं. थंडीत त्याने ओटीवरच्या कपाटामागे आणि सोफ्याच्या कोपऱ्यात मुतायचा सपाटा लावला होता. फिनाईल टाकून पुसत राहिले. एप्रिल-मेमध्ये वास नावालाही नव्हता. मृग लागला, चार दिवस झड लागली, आणि पाचव्या दिवशी सकाळी ओटीचं दार उघडलं तर तोच वास, डोळे चुरचुरतील असा. गंमत म्हणजे कपाटामागची फट मी मार्चमध्येच फळी ठोकून बंद केलीय, तिथे तो जाऊच शकत नाही. सासूबाई म्हणतात, बोका बाजारात सोडून या. त्याआधी काही करता येईल का? कोणी व्हिनेगर सांगतं, कोणी संडासाचं ॲसिड. आणि सोफ्याला ऊन दाखवा म्हणतात, पण आत्ता ऊन आणू कुठून?

गवंडीगिरी:
ॲसिड आणि व्हिनेगर दोन्ही लांब ठेवा. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडकच, आणि मोझॅकमध्ये संगमरवराची खडी असते. आंबट काहीही पडलं की दगड खाल्ला जातो. चिंच लावलेलं तांब्याचं भांडं कडप्प्याच्या ओट्यावर राहिलं की पांढरट गोल उठतो ना, तोच प्रकार. वर दगड खडबडीत झाला की पुढच्या वेळी आणखी शोषून घेणार. व्हिट्रिफाइड टाइलला व्हिनेगर चालतं, पण तिथेही वास टाइलमध्ये नसतो, जॉइंटमधल्या सिमेंटमध्ये असतो.

मनीमाऊची_आई:
पागोळी, वास परत आला नाही हो, तो तिथेच होता. मुतातल्या युरियाचं जिवाणू अमोनिया करतात, तो भाग पुसून निघतो. पण युरिक ॲसिडचे क्षार पाण्यात सहजी विरघळत नाहीत. ते दगडाच्या छिद्रांत, सांध्यांत बसून राहतात. मेमध्ये कोरडे असतात म्हणून गप्प. हवा दमट झाली की ओल धरतात आणि वास सोडायला लागतात. बोक्यांच्या मुतात गंधकाचं एक संयुगही असतं, म्हणून तो वास कुत्र्यापेक्षा उग्र.

मी काय केलं ते सांगते. आधी नुसत्या पाण्याने दोन-तीनदा पुसून फिनाईलचा अंश काढला. हे महत्त्वाचं, कारण नंतर जे एन्झाइमवालं क्लीनर टाकायचं (पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं) त्यातले जिवाणू फिनाईलने मरतात आणि मग लोक म्हणतात पैसे वाया गेले. क्लीनर शिंपडायचं नाही, मूत जितकं खोल मुरलं तितकं मुरेल असं ओतायचं. वर प्लास्टिक अंथरून रात्रभर ठेवायचं. हे कोरड्या जागी लवकर वाळतं, आपल्याकडे दमट हवेचा एवढा तरी फायदा. सकाळी टिपून घ्यायचं आणि पंखा लावून ठेवायचा. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. मला तीनदा लागलं.

खारा_वारा:
आमची पडवी अजून मातीची. मांजर मुतलं की तेवढा तुकडा खरवडून काढायचा, नवी माती थापायची, सारवायचं. संपला विषय. टाइल्सवाल्यांचे हाल बघून बरं वाटतं :)

दोन_बोके_एक_मी:
पागोळी, नसबंदीचं ऑपरेशन झालंय का त्याचं? दोन वर्षांचा बोका उभ्या कपाटावर, भिंतीवर शेपूट थरथरवत फवारा मारत असेल तर ती घाण करण्याची सवय नाही, हद्द आखणं आहे. बाहेरचा एखादा बोका ओटीवर येतोय का तेही बघा. वारंवार बसून जोर करतोय आणि थेंबच येतोय असं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकू नका. नर मांजराचा मूत्रमार्ग तुंबला तर जिवावर बेततं.

आणि फिनाईल बंदच करा. मांजरांच्या यकृताला फिनॉलसारखी रसायनं पचवता येत नाहीत, आणि ती पाय चाटतात. ब्लीचिंग पावडरही नको, मुतातल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू होतो. व्हिनेगरबरोबर तर त्याहून वाईट.

अजून एक. रात्री दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघा. डाग पिवळट-हिरवे चमकतात.

पागोळी:
टॉर्च आणली. अहो, मी सहा महिने चुकीची जागा पुसत होते! फरशीवर तळहाताएवढा एक डाग, आणि भिंतीवर वीतभर उंचीवर फवारा, तिथून खाली ओघळ. चुन्याने ते सगळं शोषून घेतलेलं. फळी काढल्यावर नाकाला रुमालच लावावा लागला. ऑपरेशन झालेलं नाही, हे कबूल करते.

गवंडीगिरी:
मग चुना खरवडा. पोपडे निघतील तेवढे काढा, खाली गिलाव्यावर क्लीनर लावा. पण रंग आत्ता देऊ नका. ओल्या भिंतीला रंग दिला तर फुगतो आणि वास आत कोंडतो. दसऱ्यानंतर बघा.

मनीमाऊची_आई:
सोफ्यासाठी: औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. बाटलीवर ६ टक्के असेल तर तितकंच पाणी घालून ३ टक्के करा, चमचाभर खायचा सोडा, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. लागेल तेवढंच कालवा, बाटलीत भरून बूच लावलं तर वायूने उडेल. आधी मागच्या बाजूला थेंब टाकून बघा, गडद कापडाचा रंग उडतो. एन्झाइम लावणार असाल तर हे त्याच दिवशी नको. गरम पाणी आणि इस्त्री नको, डाग पक्का होतो. एसी असेल तर ड्राय मोडवर त्या खोलीत दोन दिवस.

पागोळी:
तीन आठवड्यांनी कळवते. भिंत खरवडली, क्लीनर दोनदा झालं. ओटीवर आता फक्त पावसाचा कुबट वास येतो, तो चालेल. सोफ्याचा फोम मात्र गेला तो गेलाच. कव्हर काढलं तेव्हा आत हाताएवढा तपकिरी गोल होता, तेवढा कापून नवा तुकडा बसवून घेतला. बोक्याचं ऑपरेशन परवा झालं. डॉक्टर म्हणाले, फवारा थांबायला काही आठवडे जातील, म्हणून तोवर भिंतीला खाली प्लास्टिक चिकटवलंय. सासूबाई त्याला भात-मासे भरवतायत आणि मला सांगतात, बिचाऱ्याला उगाच कापलंस.