मनालीमार्गे लेह की श्रीनगरमार्गे? सोळा दिवसांच्या दुचाकी प्रवासाच्या आखणीविषयी

कृष्णाकाठ (सातारा) यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याचा एक मित्र असे तिघेजण तीन दुचाकींवरून लडाखला जाण्याचे ठरवीत आहोत. माझे वय ४४ आहे, ते दोघे पस्तिशीच्या आसपासचे आहेत. वरंधा, ताम्हिणी, कुंभार्ली आणि आंबेनळी हे घाट आम्ही भर पावसातही अनेकदा चालवले आहेत. एकदा साताऱ्याहून कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलो असल्यामुळे दिवसभर गाडीवर बसण्याची सवयही आहे. परंतु कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीच्या वर आमच्यापैकी कोणीही कधी गेलेले नाही, आणि माझी खरी चिंता तीच आहे.

आमच्याकडे घरून निघून घरी परतेपर्यंत सोळा दिवस आहेत. सध्याचा बेत असा आहे की रेल्वेने गाड्या चंडीगढपर्यंत न्यायच्या, पहिला मुक्काम मनालीला, दुसरा सरचूला आणि तिसरा लेहला करायचा. चौथ्या दिवशी खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोऱ्यातील हुंदर, मग पांगोंग सरोवर, तेथून हानले आणि उमलिंग ला पाहून लेहला परतायचे व श्रीनगरमार्गे जम्मूला उतरायचे. हा क्रम योग्य आहे का, उंचीच्या त्रासावरील डायमॉक्सच्या गोळ्या सुरुवातीपासून घ्याव्यात का, आणि पेट्रोल बरोबर किती बाळगावे, हे जाणकारांनी सांगावे. तीनपैकी एक गाडी २०१३ सालची, कार्बोरेटरची असून ती वडिलांच्या नावावर आहे. ती तेथे चालेल का, हेही कळले तर बरे होईल.

वाटसरू (नाशिक) यांचे उत्तर

तुमच्या बेतातील स्थळे उत्तम आहेत, परंतु क्रम उलटा आहे, आणि तो बदलावा असे मी आग्रहाने सांगेन. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे आणि सरचू ४,२९० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीपर्यंत तुमची झोपण्याची उंची सव्वादोन हजार मीटरने वाढते, तीही आयुष्यात प्रथमच. पूर्वी रोहतांगच्या चढावर आणि तेथील वाहनांच्या रांगांत इतका वेळ जाई की पुष्कळ लोक नाइलाजाने केलाँगला (३,०८० मीटर) मुक्काम करीत, आणि त्या नाइलाजाने त्यांचे भलेच होत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून सकाळी मनालीत न्याहारी केलेला माणूस त्याच संध्याकाळी सहज सरचूला पोहोचतो. रस्ता सोपा झाला असला तरी शरीराला लागणारा वेळ कमी झालेला नाही.

मी स्वतः पहिल्या खेपेस हीच चूक केली आहे. सरचूच्या तंबूत रात्री अकरानंतर माझ्या सोबत्याचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, आणि त्याला खाली न्यावे असे ठरवताना आमच्या लक्षात आले की तेथून खाली जाण्यासाठी आधी वर चढावे लागते. दक्षिणेला सुमारे ४,८९० मीटरचा बारालाचा ला आहे. उत्तरेला गाटा लूप्सची एकवीस वळणे, नकी ला आणि पाच हजार मीटरपेक्षा उंच लाचुंग ला आहे. त्या खिंडी ओलांडल्यावरही पांगचा मुक्काम ४,६०० मीटरच्या आसपासच आहे. पहाटेपर्यंत आम्ही त्याला बसवून ठेवले, उजाडताच मिळालेल्या जीपमधून बारालाचापलीकडच्या जिस्पाला उतरवले आणि तेथे तो दुपारपर्यंत सावरला. ती रात्र मी विसरू शकलेलो नाही, म्हणून हे इतके सविस्तर लिहीत आहे.

श्रीनगरच्या बाजूने चढण सावकाश होते. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, कारगिल २,६७६ मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. वाटेत झोजी ला (३,५२८ मीटर), नमिका ला आणि या महामार्गावरील सर्वांत उंच फोतू ला (४,१०८ मीटर) लागतात खऱ्या, पण त्या ओलांडून आपण पुन्हा खाली उतरतो. तेवढ्या उंचीवर झोपत नाही. श्रीनगर ते लेह हे अंतर सुमारे ४२० किलोमीटर आहे. ते दोन दिवसांत सहज होते, परंतु द्रासचे युद्धस्मारक, मुलबेखची खडकात कोरलेली मैत्रेयमूर्ती आणि लामायुरूचा मठ घाईत उरकू नयेत, म्हणून मी तिसरा दिवस देईन. निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कार यांचा संगम रस्त्यावरूनच दिसतो. दोन्ही नद्यांचे पाणी दोन रंगांचे असते आणि बराच वेळ ते मिसळत नाही.

म्हणून पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मूला जावे, श्रीनगरमार्गे चढावे आणि मनालीमार्गे उतरावे. तोवर शरीर दहा-बारा दिवस उंचीवर राहिलेले असल्याने परतताना सरचूचा मुक्काम त्रासाचा होत नाही. एक अडचण मात्र आधीच सांगतो. हिमाचलातील पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये ओसरत असला तरी रस्ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. जुलै २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस बियास नदीच्या पुराने कुल्लू-मनाली महामार्ग ठिकठिकाणी वाहून नेला होता. त्यासाठी किमान दोन दिवस मोकळे ठेवा आणि मनालीकडचा रस्ता बंद असल्यास आल्या वाटेने श्रीनगरला परतण्याची मनाची तयारी ठेवा. परतीची तिकिटे शेवटच्या दिवसाला चिकटवून काढू नयेत.

उमलिंग ला या वेळी सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९,०२४ फुटांची ती खिंड पाहण्यासाठी हानलेला ४,५०० मीटरच्या आसपास राहावे लागते, आणि तो फेरा नीट करायचा तर तीन दिवस लागतात. सोळा दिवसांत ते तीन दिवस कोठून येणार? ते विश्रांतीच्या दिवसांतूनच काढले जातात.

पेट्रोलची काळजी तुम्ही समजता तेवढी नाही. कारगिल, लेह, कारू आणि दिस्कित येथे पंप आहेत. दिस्कितला टाकी भरल्यानंतर श्योक नदीच्या काठाने पांगोंग आणि तेथून चांग ला ओलांडून कारू हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होते. परतीच्या वाटेवर कारूपासून लाहौलमधील तांदीपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर भरवशाचा पंप नाही असे धरून चालावे. प्रत्येक गाडीमागे पाच लिटरचा एक मजबूत धातूचा कॅन पुरतो. तो सायलेन्सरच्या बाजूला बांधू नये.

शुश्रूषा (पुणे) यांचे उत्तर

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि या मार्गाने दोनदा दुचाकीवर मागे बसून गेले आहे. वर जे लिहिले आहे त्याला वैद्यकीय आधार आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. रस्त्यांवरील गावांच्या उंचीमुळे तो शब्दशः पाळता येत नाही. कारगिलहून लेहला येतानाही तो थोडा मोडतो. त्याची भरपाई म्हणून लेहमध्ये दोन पूर्ण दिवस काहीही न करता काढावेत. पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्याही चढू नयेत. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि ५,३५९ मीटरच्या खारदुंग लावर तो निम्म्याजवळ येतो. त्या खिंडीवर छायाचित्र काढण्यापुरते थांबून पुढे निघावे. हुंदर ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खाली असल्यामुळे तेथे झोप चांगली लागते, आणि पांगोंगच्या ४,२५० मीटरवरील रात्रीआधी तो मुक्काम उपयोगीच पडतो.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढण सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. तिने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. त्याने घाबरू नये. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती परस्पर घेऊ नये. म्हणून निघण्यापूर्वी तिघांनीही आपल्या डॉक्टरांना भेटावे, आणि तुमचे वय पाहता तुम्ही रक्तदाब व हृदयाची तपासणीही करून घ्यावी. ही गोळी शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते. ती घेतली म्हणून मुक्कामांतील उंचीचे टप्पे गाळता येत नाहीत.

ज्यात जिवावर बेतू शकते त्या दोन खुणा तिघांनीही पाठ कराव्यात. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे आणि खोकला वाढत जाणे ही फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची खूण आहे. बोलण्यात असंबद्धता येणे किंवा एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून सरळ रेषेत चालता न येणे ही मेंदूला सूज आल्याची खूण आहे. या दोन्हींत उजाडण्याची वाट पाहू नये. मिळेल त्या चारचाकीतून रुग्णाला खाली न्यावे, आणि प्राणवायू मिळाला तरी उतरणे थांबवू नये. ज्याला त्रास होत आहे त्याला आपला तोल जात असल्याचे स्वतःला कळत नाही, त्यामुळे निर्णय सोबत्यांनी घ्यायचा असतो. तुमच्यापैकी कोण कोणाकडे लक्ष ठेवणार हे घरूनच ठरवून निघा. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे आणि तेथे अशा रुग्णांवर नेहमी उपचार होतात. बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर बरोबर ठेवावा, परंतु आकडा बरा दिसतो म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. उंचीवरील पहिले काही दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात.

दोन चाके (कोल्हापूर) यांचे उत्तर

मी गेल्या सप्टेंबरमध्ये मैत्रिणीबरोबर हाच फेरा केला, म्हणून गाडीपुरते लिहिते. कार्बोरेटरची गाडी चालते. त्याच गाड्यांवरून लोक वर्षानुवर्षे जात आले आहेत. उंचीवर हवा विरळ झाल्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते आणि गाडी ओढत नाही. प्रत्येक हजार मीटरला इंजिनाची शक्ती साधारण दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे पाच हजार मीटरच्या वर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चढावे लागेल, हे गृहीत धरा आणि सर्वांत जड सामान त्या गाडीवर लादू नका. एअर फिल्टर नवा घालावा, दोन प्लग जवळ ठेवावेत आणि जेटिंगमध्ये (कार्बोरेटरमधील पेट्रोलच्या छिद्रांच्या मापात) घरूनच मोठे बदल करू नयेत, कारण तीच गाडी तुम्हाला खाली उष्ण मैदानातही चालवायची आहे. नव्या इंजेक्शनच्या गाड्या मिश्रण आपोआप जुळवून घेतात, तरी शक्ती त्यांचीही कमी होतेच. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या जादा केबल, क्लच व ब्रेकचे लिव्हर, चेनची जोडकडी, ट्यूब आणि पंप बरोबर असावेत; मुख्य म्हणजे चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव घरी करावा.

तुमच्या घाटांचा अनुभव वळणांवर उपयोगी पडेल, नाल्यांवर पडणार नाही. हिमनद्यांचे पाणी उन्हाबरोबर वाढते, त्यामुळे सकाळी घोट्याइतका असलेला नाला दुपारी तीन वाजता गुडघ्यापर्यंत येतो. पांगोंगच्या वाटेवरील पागल नाल्याचे नावच त्यावरून पडले असावे, असे मला तेथे उभे राहून वाटले. सप्टेंबरमध्ये पाणी कमी असते, पण पहाटे खिंडींच्या सावलीतील वळणांवर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर असू शकतो. म्हणून फार पहाटे न निघता ऊन रस्त्यावर आल्यावर, सातच्या सुमारास निघणे आणि दुपारी दोनपर्यंत मुक्कामी पोहोचणे आम्हाला मानवले. नाला ओलांडताना आधी चालत जाऊन तळ पाहावा, पहिल्या गिअरमध्ये एकसारखी गती ठेवावी, मध्येच क्लच दाबू नये आणि नजर समोरच्या काठावर ठेवावी. तिघांनी एकदम पाण्यात उतरू नये. एकजण पार झाल्यावर दुसऱ्याने निघावे.

प्रीपेड सिम तेथे बंद पडते, म्हणून निदान दोघांकडे निरनिराळ्या कंपन्यांचे पोस्टपेड सिम असू द्या. रेल्वेत गाडी चढवण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत व ओळखपत्र लागते. पार्सल म्हणून टाकलेली दुचाकी तुमच्याच रेल्वेने येईल असे नसते, म्हणून ती चार-पाच दिवस आधी पाठवावी.

कृष्णाकाठ (सातारा)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आम्ही तिघे एकत्र बसलो आणि संपूर्ण बेत नव्याने मांडला. जम्मूला उतरल्यावर श्रीनगर, कारगिल, लामायुरू, मग लेहमध्ये तीन रात्री, हुंदरला दोन, पांगोंगला एक, पुन्हा लेह, सरचू आणि मनाली असे मुक्काम ठरले आहेत. दोन दिवस मोकळे ठेवण्यासाठी मी रजा तीन दिवसांनी वाढवून घेतली आहे. हानले आणि उमलिंग ला वगळताना भावाला वाईट वाटले, पण सरचूच्या रात्रीविषयी वाचल्यावर त्याने स्वतःच नकाशावरची ती खूण पुसली. वडिलांच्या नावावरील गाडीविषयी मात्र उत्तर राहिले आहे.

वाटसरू (नाशिक)

सोडवण्यासारखी अडचण आहे, पण दुर्लक्ष करू नका. बाहेरून भाड्याने आणलेल्या दुचाकींना लेहच्या आसपास फिरण्यास स्थानिक संघटनांचा विरोध आहे. नुब्रा आणि पांगोंगच्या रस्त्यांवर त्यांचे लोक गाडी थांबवून कागद पाहतात, आणि चालकाचे व मालकाचे नाव जुळले नाही तर वाद होतो. शक्य असल्यास ती गाडी निघण्यापूर्वी आरटीओत रीतसर नावावर करून घ्या; सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. तेवढे न जमल्यास वडिलांचे सहीनिशी संमतिपत्र, त्यांच्या आधार कार्डाची प्रत आणि नाते दाखवणारा तुमचा पुरावा जवळ ठेवा. विम्याची व पीयूसीची मुदत परतीच्या तारखेपुढची आहे ना, हे तिन्ही गाड्यांचे आजच तपासा. नुब्रा आणि पांगोंगसाठी लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळणाऱ्या कागदाच्या प्रत्येकी चार-पाच छापील प्रती काढा, कारण तपासणी नाक्यांवर त्या ठेवून घेतात आणि लेह सोडल्यावर झेरॉक्सचे दुकान सहजी सापडत नाही.