फादरांनी मोर्चात यायचं की नाही?

वाडीवाला:
काल इथे लिहिलं गेलं, 'फादरांची जागा वेदीपाशी. हरित वसईच्या नादात चर्च रस्त्यावर आणलं, तिथेच बिघडलं.' रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. बिल्डर आणि टँकरवाल्यांविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी करणाऱ्या फादर दिब्रिटोंना जाऊन फार वर्षं झाली नाहीत आणि आपण हे बोलायला लागलो? टँकर आमच्या वाड्यांतल्या विहिरी उपसत होते. माझ्या आजोबांची विहीर दोन उन्हाळ्यांत मचूळ झाली, पानवेल करपली. तेव्हा बिल्डरांपुढे तोंड उघडायची छाती किती जणांची होती? तहानलेल्याला पाणी द्या म्हणायचं आणि पाणी नेणाऱ्याला अडवायचं नाही, ही कसली श्रद्धा?

गिरीजची सून:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. माझे सासरे शेवटच्या घटका मोजत होते. आमचे त्या वेळचे फादर कुठल्याशा सभेला गेलेले. शेवटची प्रार्थना शेजारच्या म्हाताऱ्या बायने म्हटली. आंदोलन करायला शंभर माणसं मिळतात, ते काम दुसऱ्या कुणाला करता येतं का?

वाडीवाला:
वाईट झालं, बाय. पण एका फादरांच्या चुकीपायी सगळी चळवळ चुकीची ठरत नाही.

नालासोपारा पूर्व:
मी ख्रिस्ती नाही. तुम्ही ज्यांना शिव्या घालता त्या इमारतीत वाढलो. संपानंतर वडिलांची परळची गिरणी बंद पडली, परवडली ती खोली इथेच. आई हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची. तहानलेले आम्हीच होतो. तुमच्या प्रार्थनेत आम्ही कुठे होतो?

वाडीवाला:
दोष तुमच्या आईचा नव्हता. पाणी विकून गबर झालेल्यांचा होता.

नालासोपारा पूर्व:
टँकर अडला की हंडा तिचाच रिकामा राहायचा. सूर्या धरणाचं पाणी नळाला आलं तेव्हा कुठे ती सुटली. त्या पाण्यासाठी मोर्चा काढला असता, तर मीही आलो असतो.

नंदाखालचा दादू:
आणि जमिनी विकल्या कोणी? बिल्डर आकाशातून पडला नाही. आपल्याच माणसांनी सातबारे पुढे केले, मग लग्नाला हजार पानं उठवली. बावखलांचं तर बोलूच नका. वाडवडिलांनी हातांनी खणलेली ती तळी, पावसाचं पाणी धरून विहिरी गोड ठेवणारी. आमच्या आळीतली दोन बुजवली, एकावर बंगला, दुसऱ्यावर गाड्या उभ्या. बुजवणारे रोज मिस्साला पहिल्या बाकावर!

गिरीजची सून:
दादू, नाव न घेता कुणाला बोलतोयस ते कळतं. आमच्या दिरांनी बुजवलं, कारण डास होते आणि लहान मूल पडता पडता वाचलं.

नंदाखालचा दादू:
कुंपण घालायचं होतं. 2018 च्या जुलैत अख्खी वसई पाण्यात गेली, वीज नाही, दूध नाही. पाणी मुरायची जागाच ठेवली नाही आपण. मी तीन दिवस छातीभर पाण्यातून लोकांना जेवण पोचवलं. तेव्हा कोण कुठल्या धर्माचा ते कुणी विचारलं नाही.

नालासोपारा पूर्व:
हे खरं आहे. आमच्या जिन्यात जेवण घेऊन आलेली पोरं गळ्यात क्रूस घातलेली होती. टँकरचा राग अजून आहे, तरी ते विसरलो नाही.

वाडीवाला:
तुमच्या आईचा हंडा आमच्या घोषणांत नव्हता, हे मान्य करावं लागतं. पण 2015 मध्ये पोप फ्रान्सिसनी सृष्टीच्या रक्षणावर परिपत्रक काढलं, त्याच्या कितीतरी आधी आपल्या फादरांनी तेच करून दाखवलं होतं. ते मी सोडणार नाही.

नंदाखालचा दादू:
तिसरं बावखल अजून आहे, गाळाने भरलंय. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर उपसायचंय.

नालासोपारा पूर्व:
फावडं तुमच्याकडे असेल तर येतो.

गिरीजची सून:
मी चहा आणते, दिरांनाही आणते. मोर्चाबद्दल माझं मत तेच आहे. आणि आळीत कुणी आजारी असेल, तर फादरांनी आधी तिकडे जावं.